पणाचा रकाना

कुठलाही अर्ज हातात आला की आमचे सर तो खालून वर वाचत. आधी सही, मग ता. क., मग कागद उलटून त्याची पाठ आणि सगळ्यात शेवटी 'महोदय'. मी पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. विचारलं तर म्हणाले, "बाई, मानूस 'महोदय' लिवतो तवा इस्त्रीची कापडं घालून लिवतो. सही झाली की टोपी काढून बसतो. त्याच्या म्होरं जे लिवतो, ते खरं." मी हसू दाबलं. या माणसाबरोबर आपल्याला दोन वर्षं काढायची आहेत हे तेव्हा मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

ते आमचे केंद्रप्रमुख. म्हणजे सुप्याच्या बाजूला माळावर पसरलेल्या दहाबारा सरकारी शाळांवर देखरेख करणारे. मी त्यातल्याच एका शाळेतली शिक्षिका. मला एक्सेल येतं ही बातमी कुठूनशी फुटली आणि बारामतीच्या कार्यालयात मदतीला म्हणून माझी उचलबांगडी झाली. उचलबांगडी हा शब्द आपला चार लोकांत म्हणायचा. मनातून मला गुदगुल्या होत होत्या. घरापासून स्कूटीवर सात मिनिटं, डोक्यावर पंखा, नाक पुसायला पोरं नाहीत, आणि नवऱ्याची एमआयडीसीतली पाळी सुटायच्या आत मी घरी. या सुखाला एकच खोट होती. आठवड्यातले तीन दिवस सर माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसत, आणि हातातले सगळे कागद वाचून झाल्याशिवाय चहा सांगू देत नसत.

कार्यालयात पाठीमागे त्यांना 'हरकतराव' म्हणत, कारण त्यांची कशाला ना कशाला हरकत असेच. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायला हरकत, 'करणेत यावे'ला हरकत, चहात आलं घालायला हरकत. हे नाव त्यांना कळलेलं नाही अशी आमची समजूत होती. एकदा मी फोन उचलला आणि विचारलं, "कोण बोलतंय?" पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "हरकतराव बोलतोय. आज उशीर हुईल." त्यानंतर आठवडाभर कार्यालयात सगळे खाली मान घालून काम करत होते.

बोलायचे अगदी रानातलं, लिहायचे मात्र असं शुद्ध की व्याकरणाच्या पुस्तकाने लाजावं. खिशाला लाल पेन कायम. आमच्या एका लिपिकाने मुलाच्या लग्नाची पत्रिका दिली, ती दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर परत आली. 'शूभविवाह'मधला शू ऱ्हस्व केलेला, आणि खाली शेरा: 'पुढील वेळी मुद्रिते आधी दाखवावीत.' लिपिकाला तो एकच मुलगा होता. तो बिचारा पंधरा दिवस बोलला नाही. लग्नाला मात्र सर आहेर घेऊन सगळ्यांच्या आधी हजर होते.

आलेल्या अर्जांना ते गुण देत. दहापैकी. हे मला फार उशिरा कळलं आणि तेही वाईट रीतीने. एका गावच्या पुढाऱ्याने शाळेच्या कुंपणभिंतीसाठी पाच पानी अर्ज दिला होता. सरांनी त्यावर लाल शाईत '३/१०. मुद्द्यावर या. अक्षर बरे' असं लिहिलं आणि मी तो न बघता वरच्या फायलीत लावला. तिसऱ्या दिवशी पुढारी चार माणसं घेऊन कार्यालयात आला. आवाज जिन्यापासूनच येत होता. सरांनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "चौथीला मीच हुतो ना तुमाला? तवाबी 'गाय' ह्या निबंधात तुमी समदी आजोबांची माहिती लिवली हुती." चार माणसं खो-खो हसली. पुढाऱ्याने तिथेच बसून एका पानाचा अर्ज लिहिला. त्याला सात गुण मिळाले आणि भिंतही झाली.

आता ते निवृत्त होऊन इंदापूरला मुलीकडे असतात. परवा फोनवर सांगत होते की तिथल्या एका दवाखान्यातली 'शांतता राखा'ची पाटी त्यांनी सुधारून दिली. पाटीत चूक नव्हती. पाटी फार मोठ्या अक्षरांत होती, म्हणून ओरडल्यासारखी वाटत होती म्हणे.

पण मला सांगायचंय ते माळावरच्या एका वस्तीच्या शाळेबद्दल. पट नऊ. पट कमी म्हणून ती शाळा बंद करून पोरांना तीन किलोमीटरवरच्या मोठ्या गावच्या शाळेत घालायचं, असा प्रस्ताव होता. नियमाप्रमाणे आधी लोकांकडून हरकती आणि सूचना मागवायच्या, त्या वाचायच्या आणि मग निर्णय घ्यायचा. आम्ही छापील नमुने वस्तीवर पाठवले. 'सदर शाळेच्या समायोजनाबाबत आपली हरकत/सूचना' आणि खाली दोन बोटं उंचीचा चौकोन. मुदतीत एकतीस अर्ज परत आले. पोरं नऊ आणि अर्ज एकतीस, म्हणजे वस्तीत ज्याला ज्याला सही येत होती त्याने अर्ज भरला होता.

मी तासाभरात तक्ता केला. 'हरकत आहे' असा एक रकाना आणि 'हरकत नाही' असा दुसरा. हरकत असलेला फक्त एक अर्ज निघाला, आणि त्या गृहस्थांची हरकत बांधावरचा लिंब तोडण्याला होती. त्यांना नमुना कशाचा आहे हेच कळलं नसावं. बाकी तीसच्या तीस अर्जांत चौकोनात स्वच्छ लिहिलेलं होतं, 'हरकत नाही'. मी खाली टक्केवारी काढली, रंग भरले आणि सरांपुढे ठेवून विजयी मुद्रेने म्हणाले, "झालं सर. लोकांची हरकतच नाही. आता चहा सांगू?"

"कागद कुठं हायेत?"

"तक्त्यात सगळं आहे, सर."

"तक्ता कुनी मागितला? कागद आना."

त्यांनी गठ्ठा घेतला आणि सवयीप्रमाणे पहिला कागद उलटा केला. मागे पेन्सिलीने लिहिलेलं होतं, 'पण ओढ्याला पूल नाही.' दुसरा उलटा केला. 'पण माळावर लांडगा दिसतो. परवा शेळी नेली.' तिसऱ्यावर, 'पण शनिवारी सकाळच्या शाळेच्या वेळी कंपनीच्या मोटारसायकली फार जोरात पळतात.' चौथ्यावर, 'पण मी शाळेच्या घंटेवर शेळ्या सोडतो. घड्याळ नाही.' एका पानभर मजकुराचा सारांश एवढाच की शाळा बंद झालीच तर ती खोली अर्जदाराला कडबा ठेवायला मिळावी. कुणाची म्हातारी दुपारची शाळेच्या ओट्यावर बसत होती, तिने कुठे बसावं असा प्रश्न होता. बावीस कागदांच्या पाठीवर बावीस पण निघाले. चौकोन लहान होता, म्हणून लोकांनी समोर रीत पाळली होती आणि मागे बोलले होते. मी एकही कागद उलटलेला नव्हता. मला इतकी लाज वाटली की चहा नकोसा झाला.

"आन ह्या आठांची पाठ कोरी हाय," सर म्हणाले.

"म्हणजे त्यांची तरी हरकत नाही ना, सर?" मी आशेने विचारलं.

"कोरा कागद हितं बसून वाचता येत न्हाय, बाई. गाडी काढा."

गाडी म्हणजे माझी स्कूटी. मागे ते, मांडीवर पिशवी. सुप्याच्या रस्त्याला त्यांनी मला तीनदा थांबवलं, तिन्ही वेळा पाट्यांसाठी. एका रसवंतीच्या टपरीवर 'ऊसाचा रस' लिहिलं होतं. सरांनी उतरून रसवाल्याला सांगितलं की ऊस दीर्घ खरा, पण 'उसाचा' म्हटलं की उ ऱ्हस्व होतो. रसवाला हात पुसत म्हणाला, "गुरुजी, ऊ मोठा आसला की गिऱ्हाईकाला लांबनं दिसतो." सर गाडीवर बसले. दोन किलोमीटरनंतर म्हणाले, "त्याचंबी बरोबर हाय." मला एवढ्या वर्षांत त्यांनी हे एकदाही म्हटलेलं नाही.

वस्तीवर शाळेसमोरच्या ओट्यावर एक तात्या बसले होते. त्या कोऱ्या आठांतले पहिले तेच. सरांनी त्यांचा कागद त्यांच्यापुढे धरला.

"तात्या, शाळा हलली तर चालंल तुमाला?"

"कसं चालंल? नातू हाय माझा पहिलीत. पायानं जरा आधू हाय. तीन किलोमीटर कुठं चालतोय त्यो?"

"मग 'हरकत नाही' का लिवलं?"

तात्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "गुरुजी, तुमी शिकलेली मानसं. हरकत घेतली की तारखा लागत्यात. आमच्या बापानं चुलत्याच्या फेरफाराला हरकत घेतली हुती. बाप गेला, चुलता गेला. तारीख आजून चालू हाय. ह्या कागदावर हरकत ह्यो शबूद बघितला आन मी म्हनलं, लिव बाबा 'नाही' आन मोकळा हो."

मी तिथेच खाली बसले. जमिनीच्या नोंदीवर घेतात ती हरकत! त्या एका शब्दाने आख्ख्या वस्तीला तलाठी, मंडल अधिकारी आणि हेलपाटे दिसले होते. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन आहे तो माणूस हा शब्द स्वतःच्या हाताने कागदावर कशाला लिहील? आम्ही त्यांना मत विचारलं होतं आणि त्यांना वाटलं होतं आम्ही भांडण विचारतोय. आणि मी त्याची टक्केवारी काढून त्यात हिरवा रंग भरला होता.

आठातली शेवटची मुमताजभाभी. तिचा नवरा सुप्याच्या बाजारात स्टीलची भांडी विकतो, ती घरी शिवणकाम करते. मुलगी रेश्मा तेव्हा दुसरीत. ही मुलगी मला आधीपासून माहीत होती, कारण केंद्रातल्या पाढ्यांच्या स्पर्धेत तिने चौथीच्या पोरांना मागे टाकलं होतं. आम्ही गेलो तेव्हा भाभी मशीनवर होती आणि रेश्मा दारात बसून भांडी गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा मोठ्याने वाचत होती.

"भाभी, तुमचीबी हरकत न्हाय व्हय?" सरांनी विचारलं.

"न्हाय की, गुरुजी. हरकत कशाची घेऊ? शाळा सरकारची हाय. हितं ठेवा, तितं न्या, माझं काय म्हननं न्हाय." तिने मशीन थांबवलं नाही. "पोरगी माझी हाय. ती मी न्हाय पाठवनार."

रेश्माचं वाचन थांबलं.

"का वं?"

"सकाळी ह्यांचा बाजार, माझं काम. माळानं एकली कशी सोडू? चौथीतली पोरं संगं जात्याल, पन ती पोरं. आमच्यातल्या बायका काय म्हनत्याल ते एक येगळंच. शिकली दोन यत्ता, लई झालं. मशीन शिकंल."

शिक्षणाचं महत्त्व वगैरे सरांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. त्यांना ते शब्द नुसते लिहायचीही लाज वाटे. त्यांनी तिचा कागद उलटा केला, कोऱ्या पाठीवर तिचं वाक्य तिच्याच शब्दांत लिहून तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे असंच ना?" तिने मशीन थांबवून ऐकलं. म्हणाली, "व्हय. सही करू?" सही केली. परतताना सर एकही पाटी न वाचता बसले होते आणि मला ते जास्त जड गेलं. तक्त्यात तीस 'हरकत नाही' होत्या आणि त्यातली एक म्हणजे या मुलीची शाळा संपणार होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तक्त्यात तिसरा रकाना पाडायला लावला. मी विचारलं, मथळा काय देऊ? म्हणाले, "पण."

"नुसतं 'पण'?"

"आनखी काय हवं? मराठीत त्याच्या आदी जे येतं ते रीतीचं आसतं."

निर्णयाची बैठक बारामतीलाच झाली. मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या गटशिक्षणाधिकारी, स्वभावाने बऱ्या होत्या, पण त्या दिवशी त्यांना अशा चार शाळा संपवून दुपारी पुण्याला जायचं होतं. त्यांनी तक्ता पाहिला आणि भुवया चढवल्या. "हा 'पण' काय प्रकार आहे? शासनाच्या नमुन्यात असा रकाना नाही."

"नमुना शासनाचा हाय, मॅडम," सर उभे राहून म्हणाले. "मराठी लोकांची हाय."

मग त्यांनी एकेक पण वाचला. कडब्याच्या खोलीला सभागृह हसलं. शेळ्या आणि घंटेलाही हसलं. लांडग्याला निम्मेच हसले. ओढा आला, मोटारसायकली आल्या, तात्यांचा नातू आला. मॅडम मध्येच म्हणाल्या, "सर, सारांश सांगा." सर म्हणाले, "सारांशच वाचतोय. दोन दोन ओळीच लिवल्यात लोकांनी." शेवटी त्यांनी रेश्माच्या आईचं वाक्य वाचलं, "शाळा हितं ठेवा, तितं न्या. पोरगी मी न्हाय पाठवनार," आणि कागद खाली ठेवला. कुणी हसलं नाही. मॅडमनी तो कागद मागून घेतला, त्याच्या समोरच्या बाजूचं 'हरकत नाही' वाचलं आणि पुन्हा उलटून मागचं वाचलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "शाळा ठेवावी असा अहवाल मी पाठवते. पण..."

सरांनी ताबडतोब पेन उघडलं.

"...पण तिथले गुरुजी जूनमध्ये बदलीवर चाललेत. माझ्याकडे द्यायला शिक्षक नाही. शिक्षकाशिवाय शाळा ठेवून काय करू? कोणी जाणार आहे का त्या माळावर?"

सभागृहातल्या सगळ्या शिक्षकांना एकदम खिडकीबाहेरचं दिसायला लागलं. मीही पंख्याकडे बघत होते. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "ह्या बाई जातील. त्यांची हरकत न्हाय."

मला बोलायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण मॅडमनी 'वा, छान' म्हणून तक्त्यावर सही केली आणि पुढची शाळा घेतली.

जिन्यात मी त्यांना गाठलं. दोन वर्षांत मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. मला विचारलं का तुम्ही? माझं घर कुठे, तो माळ कुठे, माझ्या नवऱ्याच्या पाळ्या, माझी कंबर, सगळं बोलले. सर जिन्याच्या कठड्याला टेकून ऐकत होते.

"इचारलं आसतं तर काय म्हनाला आसता?"

"हरकत नाही म्हणाले असते! पण..."

"ते पण लिवून द्या. समदे वाचीन मी."

मी घरी जाऊन खरोखर लिहायला बसले. चौदा पण निघाले. वाचून पाहिले तर बहुतेक पंख्याच्या आसपासचे होते. मी कागद फाडून टाकला. सरांचा राग मात्र गेला नाही. खरं सांगायचं तर अजूनही पुरता गेलेला नाही, आणि त्यांच्याइतकी माया मला दुसऱ्या कुठल्या वरिष्ठाबद्दल वाटलेलीही नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्या दिवशी सर माझ्याबरोबर आले होते. पोरं एकेक करून आत येऊन बसली. तात्या नातवाला खांद्यावर घेऊन आले. मी मोजले, आठ. नववी रेश्मा दाराबाहेर उभी होती आणि मुमताजभाभीने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"बाई, तुमी किती दिस ऱ्हानार?" तिने विचारलं. "पोरगीला लळा लागायचा आन तुमी जायच्या बारामतीला."

"बघू," मी म्हणाले.

"बघू म्हनू नका. माझं समद्यांम्होरं वाचून दावलं ना तुमी? मग तुमीबी लिवून द्या."

मी सरांकडे पाहिलं. ते हजेरीपट चाळत होते, चाळायला त्यात अजून काही नव्हतं. मी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि विचारलं, "किती वर्षं लिहू?"

"हिची चौथी हुईपातूर."

मी लिहिलं, 'रेश्मा चौथी पास होईपर्यंत मी इथून बदली मागणार नाही.' खाली सही केली, तारीख घातली आणि मोठ्याने वाचून दाखवलं. मुमताजभाभीने कागदाची घडी केली, कमरेला खोचली आणि रेश्माचा हात सोडला.